काचेमागचा कवड्या

मण्यारीच्या चित्राखाली मी ‘कवड्या, बिनविषारी’ असं छापलं आणि कवड्याच्या चित्राखाली ‘मण्यार, अत्यंत विषारी’. असे दोनशे तक्ते छापले, आणि ते चंद्रपूर-गडचिरोलीतल्या शाळांच्या भिंतींवर लागले. वरोऱ्याच्या एका शाळेत तीस वर्षं मी जीवशास्त्र शिकवलं आहे. यावर अधिक काही बोलायची गरज नाही, तरी बोलणार आहे. कारण ज्याची ती चित्रं होती, तो सोमाजी दीड महिन्यापूर्वी गेला.

फोन सकाळी आला तेव्हा मी दाढी करत होतो. सोमाजी ज्या आश्रमशाळेत कामाठी होता, तिथले मुख्याध्यापक बोलत होते. नवीनच बदलून आलेले, माझी त्यांची ओळख नव्हती. म्हणाले, “सर, सोमाजीभाऊ गेले. झोपेतच. मण्यार चावली.” मी मोरीच्या कठड्यावर बसलो. विचारलं, कशावरून? “साप सापडला ना सर घरात. वर छपराच्या बल्लीवर होता. लोकांनी मारला. कोणता ते समजत नव्हतं, पण त्यांच्याच भिंतीवर तुमचा तक्ता आहे ना, काचेचा, त्याच्यावर धरून पाहिला. हुबेहूब! खाली तुमचं नावही आहे, संयोजक म्हणून... तक्त्याचा फार उपयोग झाला सर.” एका गालाला साबण तसाच होता. मी एवढंच विचारलं, पट्टे मानेपाशी होते की शेपटीकडे? ते म्हणाले, मानेपाशी ठळक, शेपटीकडे जवळजवळ नाहीतच. त्या क्षणी मला सगळं कळलं. आणि मी काय म्हणालो? “हो का... अरेरे.” फोन ठेवला आणि उरलेली दाढी केली.

सोमाजीला मी पहिल्यांदा पाहिलं ते धानोऱ्याच्या पुढच्या त्या आश्रमशाळेच्या ओसरीत, बारा-एक वर्षांपूर्वी. आमच्या शाळेचं निसर्ग शिबिर होतं आणि मी त्याचा प्रमुख, म्हणजे डोक्यावर टोपी, गळ्यात दुर्बीण, आणि दिसेल त्याला काहीतरी शिकवायची खाज. ओसरीत एक काळासावळा, सडपातळ माणूस सुपात मेलेला साप ठेवून बसला होता आणि सापाच्या अंगावर धानाचा एकेक दाणा ठेवत होता. मी विचारलं, “हे काय, नैवेद्य?” त्यानं मान वर केली नाही. “पट्टे मोजून राह्यलो सर. एका पट्ट्याले एक दाना. चित्रात एक पट्टा कमी पडला तं हा मले माफ नाई करनार. एक तं बिचारा फुकटचा मेला.” वसतिगृहात, स्वयंपाकघरात, गावात कुणी साप मारला की तो सोमाजीकडे यायचा, आणि हा पाणी भरणं, घंटा देणं, भाजी चिरणं सगळं टाकून चित्राला बसायचा. घाई असायची. मेलेल्या सापाचा रंग संध्याकाळपर्यंत उतरतो, असं तो म्हणे. शाळेतले पोस्टर कलर आणि बांबूच्या काडीचं टोक चावून केलेला ब्रश, एवढीच त्याची सामग्री. स्पिरिटच्या बाटलीत साप ठेवायची युक्ती मी त्याला ऐटीत सांगितली. त्यानं एकदाच करून पाहिली. दोन महिन्यांनी मला ती बाटली दाखवली, आत फिकट चिंधीसारखं काहीतरी लोंबत होतं. “याले पाहून कोनी याले ओळखन का सर?”

सुपातला साप कवड्या होता. कॉफीच्या रंगाचं अंग आणि त्यावर कवड्यांची माळ आडवी टाकावी तसे पिवळट पांढरे पट्टे. बिनविषारी, हे मलाही ठाऊक होतं, आणि तेच सिद्ध करायचं मी मनावर घेतलं. सोमाजीनं भिंतीच्या बिळातला एक जिवंत कवड्या डब्यात ठेवला होता, सोडून द्यायला. मी सगळ्या शिबिरासमोर भाषण केलं की या सापाला भिण्यासारखं काहीही नाही, आणि हात घातला. कवड्या अंगानं लहान, पण तापट. त्यानं माझं बोट असं धरलं की मी ओरडलो. नुसता ओरडलो नाही, आडवा झालो, आणि सोबतच्या शिक्षकाला म्हणालो, “माझ्या बायकोला सांगा, गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद करायचा राहिलाय.” दोन मिनिटांपूर्वी मीच बिनविषारी म्हणून प्रमाणपत्र दिलेल्या सापानं चावल्यावर हे माझे अखेरचे शब्द ठरले असते. सोमाजीनं बोट पाहिलं, पाण्यानं धुतलं आणि म्हणाला, “याचे समोरचे दात लांब असते सर, लांडग्यावानी. पालीले पकडाले. तुमचं बोट त्याले पाल दिसलं असन.” तेव्हापासून माझ्या त्या बोटाचं नाव पाल पडलं. फोन केला की तो आधी माझी नाही, बोटाची चौकशी करायचा. “पाल बरी हाय ना सर?”

मी पुस्तकातून शिकलो त्यापेक्षा जास्त कवड्या त्याच्याकडून शिकलो. दिवसा तो विटांच्या फटीत, लाकडाच्या ढिगात, कौलाखाली वेटोळं करून पडलेला असतो. अंधार पडला की निघतो आणि खडबडीत भिंतीवर असा चढतो की बघणाऱ्याला वाटावं भिंतीलाच रेघ फुटली. पाली हे त्याचं मुख्य अन्न, आणि पाली घरात, म्हणून तोही घरात. त्याचा गुन्हा म्हणाल तर दोनच. घरात येणं, आणि दुसऱ्यासारखं दिसणं. मण्यारही रात्रीच निघते, तिच्याही अंगावर पट्टे असतात, आणि तिचं विष नागापेक्षाही भारी. म्हणून मण्यारीची शिक्षा कवड्याला होते. ओळखायची सोमाजीची खूण सोपी होती. “कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होते अन् शेपटीकडे जाता जाता विरते. मन्यारचं उलटं. मानेकडे कोरी, अन् शेपटीकडे पट्टे जोडी-जोडीनं.” जंगलात दगडाखाली सापडणारा लहानगा पट्टेरी कवड्या त्याचा विशेष लाडका होता. काळ्याभोर अंगावर हळदीचं बोट ओढल्यासारखे पिवळे पट्टे. तो रंग त्याला कधीच मनासारखा जमला नाही. दरवेळी म्हणायचा, “जिता असताना पिवळा वेगळाच असते सर.”

तक्त्याची कल्पना माझी. म्हणजे संयोजक म्हणून नाव माझं यावं ही कल्पना माझी, बाकी सगळं त्याचं. त्यानं सोळा चित्रं करून दिली आणि प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलनं नाव लिहिलं. चंद्रपूरच्या छापखान्यात शेवटच्या दिवशी मी एकटाच बसलो होतो. कवड्याचं चित्र हातात घेतलं, मानेपाशी ठसठशीत पट्टे पाहिले, आणि मला वाटलं की गडी चुकला. इतके पट्टे म्हणजे मण्यारच. चौथीपर्यंत शिकलेला कामाठी तो, आणि एम.एस्सी. मी. खिशातला लाल पेन काढला, ‘कवड्या’ खोडलं आणि लिहिलं ‘मण्यार!’ उद्गारचिन्हासकट. मग अर्थातच मण्यारीचं ‘कवड्या’ करावं लागलं. त्याची मानेची खूण आठवली नाही, आणि त्याला फोन करून विचारावं, हे सुचलंही नाही. सगळ्यात आधी छापलेला तक्ता मी हौसेनं काचेच्या फ्रेममध्ये बसवला, मांडीवर घेऊन एसटीनं त्याच्या गावी गेलो आणि त्याच्या भिंतीवर स्वतः खिळा ठोकला. सोमाजी तेव्हा कामावर होता. घरी त्याची बायको मैनाबाई होती. तिनं चहा दिला. तिला वाचता येत नव्हतं, पण चित्रांवरून हात फिरवत ती म्हणाली, “लय गोड काढले यायनं.”

चूक उघडी पडली ती एटापल्लीकडच्या एका शाळेमुळे. तिथल्या गुरुजींनी आवारात सापडलेला साप तक्त्याशी ताडून पाहिला, ‘बिनविषारी’ वाचलं आणि हातात घेऊन वर्गात फिरवला. मण्यार होती. दिवसा ती सुस्त असते, वेटोळ्यात डोकं खुपसून पडते, चिडवलं तरी सहसा चावत नाही. गुरुजी केवळ दिवस होता म्हणून वाचले. सोमाजीच्या कानावर ही गोष्ट आली, तेव्हा कुठे त्यानं स्वतःच्या चित्रांखालची छापील नावं वाचली, आणि तो पहिल्यांदाच वरोऱ्याला माझ्या घरी आला. पाणी प्याला. पिशवीतून तक्ता काढून माझ्यासमोर पसरला. “सर, नावं उलटी पडली.” मी म्हणालो, “छापखान्यातल्या लोकांनी घोळ केलेला दिसतो.” त्यानं माझ्याकडे पाहिलं... थोडं जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाला, “बरं.”

त्यानंतर दोन वर्षं हा माणूस सुटीच्या दिवशी तक्ते दुरुस्त करत फिरला. एसटीनं, सायकलनं, नाल्याला पाणी असलं की पायी. पिशवीत कागदाच्या पट्ट्या आणि डिंक, खिशात पेन. शाळेत जायचं, हात जोडायचे आणि सांगायचं, “चित्र काढनाऱ्याची चूक झाली, माफ करा.” मी तीन वेळा सोबत गेलो, मग माझा गुडघा दुखायला लागला. तिसऱ्या वेळी एका मुख्याध्यापकांनी त्याला चांगलंच झापलं. कळत नाही तर अशा कामात हात कशाला घालता, पोरांच्या जिवाशी खेळ आहे हा, वगैरे. सोमाजी मान खाली घालून उभा. मी खुर्चीवर बसलेला, हातात चहाचा कप. बोलायची जागा होती, वेळ होती, जीभही शाबूत होती. मी म्हणालो, “होतं असं कधी कधी.”

एकच तक्ता त्यानं सोडला, त्याच्या घरचा. मी एकदा म्हटलं, हाही करून टाक. तर हसला. “फ्रेम खोलाले गेलो तं काच फुटन. अन् माझ्या घरी कोनाले फसवनार हा? मैनीले वाचता येत नाई, अन् मले पाहता येते.”

शेवटची भेट हिवाळ्यातली, धानाची मळणी आटोपली होती तेव्हाची. विहिरीपासून घरापर्यंतच्या वाटेत तो दोनदा थांबला आणि छातीवर हात चोळला. मी विचारलं तर म्हणाला, धान कापून दमलो. घरात बल्लीवर एक जुना कवड्या राहायला होता. मैनाबाई त्याला राखणदार म्हणायची. तो आल्यापासून पिठाच्या डब्यावर पालीची घाण नाही, हे तिचं शास्त्र. निघताना सोमाजीनं माझं बोट हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. “पाल म्हातारी झाली सर.”

ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला. तीन दिवस छाती दुखत होती, डाव्या हाताला मुंग्या येत होत्या, दवाखान्यात चला म्हटलं की उद्या म्हणायचा. हे मैनाबाईनं सगळ्यांना सांगितलं. पण गावाला ते पटेना. कारण तक्त्याच्या तळाशी मी एक ओळ छापली होती, की मण्यारीचा दंश दुखत नाही, खूण दिसत नाही, माणूस झोपेत जाऊ शकतो. संबंध तक्त्यातलं माझं हे एक वाक्य बिनचूक होतं, आणि नेमकं तेच लोकांनी पाठ केलं. शाळेतला दुरुस्त केलेला तक्ता वाळवीनं केव्हाच खाल्ला होता. उरला होता तो काचेमागचा. आणि त्यात तर सोमाजीच्याच चित्राखाली मण्यार लिहिलेलं. म्हणजे ज्याला तो जन्मभर बिनविषारी म्हणत आला तो विषारीच होता, आणि ते त्याला ठाऊक होतं, असा अर्थ निघाला. मुख्याध्यापकांनी चौथ्या दिवशी पुन्हा फोन केला. गावात घरोघर शोध चालू आहे, आजच तीन मारले. मी गुडघा शेकत होतो. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य मी बायकोला म्हणून दाखवलं, आरशाला म्हणून दाखवलं, फोनवर मात्र म्हणालो, “काळजी घ्या.”

तेरवीला गेलो. जाणं भागच होतं. सोमाजीच्या आवाराच्या काटेरी कुंपणावर मेलेले साप लटकवलेले होते, त्याच्या नावानं सूड म्हणून. काही वाळून दोरी झाले होते, काही कालचे असावेत. मी काठीनं एकेक उलटवून पाहिला. मानेपाशी पट्टे, शेपटीकडे विरलेले. पुढचा, तोच. त्याच्या पुढचा, तोच. अकरा होते. एकही मण्यार नाही. शेवटचा अगदी लहान होता, काळा, आणि त्याचे पट्टे अजून पिवळे होते. जिता असताना पिवळा वेगळाच असतो म्हणायचा... मला ते कधी दिसलं नव्हतं. आता दिसलं, उशिरा का होईना, तर असं दिसलं.

मैनाबाई आत भिंतीला टेकून बसली होती. वर बल्लीवर दोन पाली निवांत फिरत होत्या. मी समोर बसलो. सांत्वनाची वाक्यं मी एसटीत जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही तिनं ऐकलं नाही. म्हणाली, “मी सांगतलं होतं सर. हा आपला राखनदार हाय, मारू नोका म्हनलं. तं लोक मले म्हनते, बाई, तुले वाचता येते का?” मग उठली, पेटी उघडली आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेली चित्रं काढून माझ्या मांडीवर ठेवली. “हे तुमच्यापाशी ठेवा. इथी आता कोन पाहनार?” वरचंच चित्र कवड्याचं. मला पाठ पाहायची नव्हती. माझ्या हातानं ते उलटवलं. पेन्सिलचं ‘कवड्या’, त्यावर लाल रेघ, शेजारी माझ्या वळणदार अक्षरातलं ‘मण्यार!’ छापून झाल्यावर चित्रं मीच त्याला परत पाठवली होती. म्हणजे वरोऱ्याला येऊन माझ्या घरचं पाणी पीत “नावं उलटी पडली” म्हणाला, तेव्हा त्याला कोणी उलटी पाडली ते माहीत होतं. दोन वर्षं दारोदार “चित्र काढनाऱ्याची चूक” म्हणत फिरला, तेव्हाही. माझ्या चहाच्या कपासमोर मान खाली घालून उभा राहिला, तेव्हाही.

मांडवात जेवणं व्हायची होती. मी उभा राहिलो. माझ्यासारख्या माणसाला उभं राहिलं की भाषण येतं, खोकल्यासारखं. कवड्या कसा पाली खातो, अंडी कशी घालतो, मण्यार बल्लीवर सहसा का चढत नाही, पट्टे कुठून सुरू होतात आणि कुठे विरतात, सगळं सांगितलं. लोक ऐकत होते, म्हणजे माझ्याकडे बघत होते. शेवटी कोपऱ्यात बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, “मंग तक्त्यावर मन्यार काऊन छापलं?” माझ्या तोंडात ‘छापखान्यातल्या’ हा शब्द अर्धा आलासुद्धा होता. इतक्या वर्षांची सवय. मैनाबाई दारात उभी होती. मी चित्र उलटं करून सगळ्यांना दाखवलं आणि म्हणालो, “मी छापलं. सोमाजीनं बरोबर लिहिलं होतं, मी खोडलं. मला वाटलं, याला काय कळतं.” म्हातारा सावकाश म्हणाला, “म्हंजे अकरा फुकट मेले.” मी म्हणालो, हो. मुख्याध्यापक जमिनीकडे बघायला लागले. दोघेतिघे उठून कुंपणाकडे गेले.

मैनाबाई आत गेली आणि खिळ्यावरून ती फ्रेम काढून घेऊन आली. खाटेवर उलटी ठेवली, अडकित्त्याच्या टोकानं मागचे खिळे वाकवले, काच अलगद बाजूला केली. काच फुटली नाही. इतकी वर्षं न खोललेला तक्ता तिनं माझ्यासमोर धरला आणि कवड्याच्या चित्राखाली बोट ठेवलं. अक्षर वाचता येत नसलेलं ते बोट नेमकं चुकीच्या शब्दावर होतं. मी वरच्या खिशाला हात लावला. मग झब्ब्याच्या दोन्ही खिशांना. मग पिशवी उपसली. तीत चष्मा होता, गुडघ्याचा पट्टा होता, एसटीचं तिकीट होतं, भाषणाचे मुद्दे लिहिलेला कागदसुद्धा होता. तिनं माझी धडपड संपेपर्यंत वाट पाहिली.

“थे दोन वर्सं तुमच्या चुकीपाई खिशात पेन घेऊन फिरले,” ती म्हणाली, “अन् तुम्ही आले तं नुसतं तोंड घेऊन आले.”